बोलणं ऐकायला आलेल्या बाई

बाईंना रेशनच्या रांगेत उभं राहायला आवडायचं. त्यांच्याकडं रेशनकार्ड नव्हतं. पिशवी आणि छत्री घेऊन त्या रांगेच्या शेवटी उभ्या राहायच्या, हळूहळू पुढं सरकायच्या आणि काट्यापाशी पोचल्या की "मला नको, तुम्ही घ्या" म्हणून पुन्हा मागं जायच्या. लोकांना वाटायचं, बाई डोक्यानं जरा सरकलेल्या आहेत. दुकानदाराला मात्र त्या तपासणीवाल्या वाटायच्या. त्या रांगेत दिसल्या की तो तांदूळ नीट मोजायचा. मग आमच्या आळीतल्या बायका रेशनला निघताना आधी आमच्या दारात यायच्या आणि विचारायच्या, "तुमच्या बाई येतात का आज?"

बाई आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायच्या. नव्वद साल जवळ आलं होतं, माझी लेक नुकतीच दहावी झाली होती. बाई कॉलेजात मराठी शिकवायच्या आणि मोठ्या पदवीसाठी अभ्यास करायच्या. अभ्यास कसला, तर बोलण्याचा. पुस्तकातल्या नाही, लोकांच्या रोजच्या बोलण्याचा. कोण कोणाला अहो म्हणतो, कोण ए म्हणतो, कोणाच्या प्रश्नाला उत्तर मिळतं, कोणाचा प्रश्न तसाच हवेत राहतो. त्या म्हणायच्या, "वहिनी, माणसं बोलतात तेव्हा कोण वर आणि कोण खाली हे तिथल्या तिथं ठरत असतं. नुसतं कान देऊन बसलं तरी दिसतं."

पोरीच्या बाबांनी विचारलं, "एवढ्यावर पदवी देतात?"

"देतील की नाही माहीत नाही," बाई म्हणाल्या, "पण ऐकायला मिळतं."

खोली बघायला आल्या तेव्हाचं आठवतं. भिवंडीत भाडेकरू खोली बघायला आला की पहिला प्रश्न कापडाच्या लूमचा. खडखड किती येते, रात्रपाळी चालते का. बाईंनी ते विचारलंच नाही. भिंतीला कान लावला आणि म्हणाल्या, "शेजारचं बोलणं ऐकू येतं का?" पोरीच्या बाबांना वाटलं, बाईमाणूस एकटी राहणार, तिला आडोसा हवा असेल. त्यांनी छातीठोक सांगितलं, "अजिबात नाही. भिंत पक्की आहे." बाईंचा चेहरा उतरला. तरी त्या राहिल्या. पुढं त्यांच्या ध्यानात आलं की न्हाणीच्या बाजूनं शेजारच्या दोन्ही घरांतलं सगळं ऐकू येतं. मग त्या खूश झाल्या.

स्वयंपाक त्यांना येत होता, पण पुरा व्हायचा नाही. शेजारी भांडण लागलं की त्या डाळ स्टोव्हवर विसरायच्या. करपल्याचा वास आला की मी जाऊन स्टोव्ह बंद करायची. त्या न्हाणीच्या दारात उभ्या असायच्या, हातात पळी. मला बघून तोंडावर बोट ठेवायच्या. शेवटी मी दोन पोळ्या आणि भाजी जास्तीची करायला लागले.

रविवारी त्या एसटीनं पडघ्याला जायच्या. पडघ्यात त्यांचं कोणी नव्हतं. बाजारात एका भाजीवालीशेजारी रिकामी गोणी टाकून बसायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायच्या. मला सांगायच्या, "ती बाई ट्रकवाल्याशी हिंदी बोलते, मास्तरणीशी पुस्तकासारखं मराठी बोलते, आणि गाववाली आली की तिचं तोंड मोकळं होतं. तीच भाजी, पण भाव सांगायचा आवाज तीन तऱ्हेचा." भाजीवाली त्यांना बसायला द्यायची, पण त्या निघताना मेथीच्या दोन जुड्या गळ्यात मारायचीच. बाईंना मेथी आवडत नव्हती. आम्ही फार मेथी खाल्ली त्या वर्षी.

पोरीचे बाबा एका कारखान्यात जॉबर होते. लूम बिघडला की दुरुस्त करायचा. घरात त्यांचा आवाज मोठा. एकदा त्यांचे शेठ काही निरोप घेऊन दारात आले. बोलून गेले. मग बाईंनी पोरीच्या बाबांना विचारलं, "तुम्ही शेठशी बोलताना एकही वाक्य पुरं का नाही केलंत?"

"कुठं? मी तर नीट बोललो."

"'शेठ, वो क्या है ना', 'शेठ, मैं बोल रहा था', 'शेठ, अगर आप'. तीन वाक्यं सुरू केलीत. तिन्ही त्यांनी पुरी केली."

पोरीचे बाबा तडकले. "शेठ आहे तो. त्याचं ऐकायचं की आपलं सांगायचं?"

"मी काही म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "मी फक्त विचारते."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. आणि ते खरंच होतं. टोमणा मारणं त्यांना येत नव्हतं. लहान मूल पंखा का फिरतो असं विचारतं, तसं त्या विचारायच्या. समोरचा माणूस रागवायचा आणि बाई चकित व्हायच्या. पोरीचे बाबा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना मी काही सांगायला लागले, त्यांनी मध्येच तोडलं, आणि एकदम थांबून मागच्या खोलीच्या दाराकडं बघितलं. दार बंद होतं. मला हसू आलं, पण मी खाली मान घातली.

नळावरची गंमत तर सगळ्या आळीला माहीत आहे. बाईंकडं टेपरेकॉर्डर होता, हिरव्या कापडात गुंडाळलेला. पाणी यायच्या वेळी नळावर बायका काय बोलतात ते त्यांना टेप करायचं होतं. न विचारता करायचं नाही हा त्यांचा नियम. त्यांनी नळावर जाऊन सगळ्यांना सांगितलं आणि कट्ट्यावर टेप ठेवला. ज्या बायका एरवी हंडा पुढं सरकवण्यावरून एकमेकींचं माहेर काढायच्या, त्या सगळ्या रेडिओ झाल्या.

"आज पाण्याचा दाब कमी दिसत आहे."

"हो ना. आपण कृपया पुढे व्हावे."

"नाही नाही, आपला हंडा प्रथम भरावा."

एक तर नमस्कार करूनच बोलली. पाणी गेलं तेव्हा निम्मे हंडे रिकामे होते, कारण कोणी पुढं व्हायलाच तयार नव्हतं. बाईंनी ती टेप आम्हा सगळ्यांना ओट्यावर बसवून ऐकवली. बायका हसून हसून आडव्या झाल्या. बाईही हसल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "माझ्या कामाचं काही मिळालं नाही, वहिनी. मी नुसती उभी राहिले तरी लोकांचं बोलणं बदलतं. म्हणून मी कुठंच मध्ये पडत नाही. ऐकणारीनं बोलायचं नसतं."

मला त्या कधी बोल म्हणाल्या नाहीत. मी लहानपणापासून गप्प. शाळा चौथीपर्यंत झाली, तिथंही गुरुजींनी विचारलं तर उत्तर येत असून उठायचे नाही. बाकीचे लोक मला म्हणायचे, बोल की जरा. बाई म्हणायच्या नाहीत. संध्याकाळी माझ्याजवळ बसून तांदूळ निवडायच्या, निवडलेले आणि न निवडलेले एक करायच्या, आणि मी काही बोलायला लागले तर हात थांबवायच्या. मी अडखळले तर माझ्या तोंडात शब्द घालायच्या नाहीत. वाट बघायच्या. एवढी वाट माझी कोणी बघितली नव्हती. त्यामुळं हळूहळू मी त्यांना पुष्कळ काही सांगितलं. दिघाशीचं माझं माहेर, नदीवर धुणं धुतानाच्या गोष्टी. आणि हेही की माझ्या लेकीला नर्स व्हायचंय, बारावी झाली की ती नर्सिंगला जाईल, आणि मला ते फार हवंय. हे मी पोरीच्या बाबांनाही कधी सांगितलं नव्हतं.

लेक बाईंच्याच खोलीत अभ्यासाला बसायची. ती अकरावीत असताना अंबाडीकडून स्थळ आलं. मोठ्या दिरांनी आणलं. दीर आमच्या घरातले कर्ते, शेती तेच बघायचे. स्थळात नाव ठेवायला काही नव्हतं. जमीन होती, मुलगा गोदामावर कामाला, स्वभावानं गरीब. फक्त लग्न येत्या वैशाखात हवं होतं. म्हणजे बारावी नाही, नर्सिंग नाही. पोरीचे बाबा म्हणाले, "दादानं आणलंय, म्हणजे बघूनच आणलं असेल." लेक माझ्याकडं बघत राहिली. कुठं बोलायचं, कोणापाशी, हेच मला कळत नव्हतं.

आमच्या घराण्यात बोलणी पुरुष करतात, ओटीवर बसून. बायका आत. सगळं ठरलं की कर्ता माणूस आत हाक देतो, साखर आणा. मग मुलीच्या आईनं साखरेची वाटी आपल्या हातानं उंबऱ्यापर्यंत नेऊन द्यायची. ती वाटी बाहेर फिरली, सगळ्यांनी चिमूट तोंडात टाकली, की लग्न ठरलं. त्यानंतर कोणी मागं फिरत नाही.

बाईंना ही बैठक ऐकायची होती. त्यांनी पोरीच्या बाबांची रीतसर परवानगी काढली. "मी आत बसते. एक शब्द बोलणार नाही."

"बसा," ते म्हणाले. "पण तो टेपचा डबा नको. नाहीतर आमचा दादा पण कृपया बोलायला लागेल."

दुपारी पाहुणे आले. मुलाचे मामा बोलणारे होते, बाकीचे मान हलवणारे. आत आम्ही तिघी: मी, मोठ्या जाऊबाई आणि कोपऱ्यात पाटावर बाई. लेक मागच्या दारी भांडी घासत होती. ती भांडी सकाळीच घासून झाली होती.

बाहेर देण्याघेण्याचं झालं, मांडवाचं झालं, वऱ्हाड किती यायचं ते झालं. मुलीच्या शिक्षणाचा विषय मामांनीच काढला. "शिकलीय ती पुरे हाय. आमच्याकडं काय कमी हाय तिला?" दीर म्हणाले, "तेच तर." पोरीच्या बाबांनी एकदा "पण तिचं जरा" एवढं म्हटलं. दिरांनी ते वाक्य पुरं केलं, "तिचा काय, ती आनंदात ऱ्हाईल."

कोपऱ्यात बाईंनी मान वर केली. मग खाली घातली.

जाऊबाईंनी वाटीत साखर काढून माझ्या मांडीवर ठेवली. बाई माझ्याकडं सरकल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला काय हवंय ते बाहेर कोणी विचारलं का अजून?"

"विचारतील की," मी म्हणाले. "आता साखर मागतील."

"साखर मागणं म्हणजे विचारणं?"

"मग काय. आईनं वाटी दिली म्हणजे आईचं हो झालं."

"आणि नाही दिली तर?"

जाऊबाई म्हणाल्या, "अगं बाई. नाही दिली तर काय, असं कोणी करतं का?"

"कोणी केलं नाही?"

"आजवर नाही."

"म्हणजे दिली नाही तर काय होतं, हे कोणालाच माहीत नाही," बाई म्हणाल्या. आणि मग त्यांनी आपल्याच तोंडावर पदर धरला. आपण बोललो हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं.

बाहेर दीर म्हणाले, "मंग ठरला ना सगला? न्हाय म्हननारा कोन हाय का हितं?" त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. "चला. साखर आना गो."

मी उठले नाही.

जाऊबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "अगं, ऊठ." मी वाटी दोन्ही हातांनी मांडीवरच धरून ठेवली. मला उठायचं नव्हतं. मागच्या दारी भांड्यांचा आवाज थांबला होता.

"साखर," दीर पुन्हा म्हणाले.

थोड्या वेळानं पोरीचे बाबा दारात आले. "काय झालं? संपली का साखर?"

"आहे," मी म्हणाले.

"मग?"

माझा आवाज कधी ओटीपर्यंत गेला नव्हता. तेव्हाही मी त्यांच्याशीच बोलले, नेहमीच्या आवाजात. पण ओटीवर सगळे गप्प होते, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं.

"मागितलीत म्हणजे मला विचारलंत ना? मी नाही देत. पोरीला नर्स व्हायचंय. ती होऊ दे, मग कोणीही मागा, मी देईन."

पोरीचे बाबा माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही. घरात नवीन माणूस आल्यावर बघतात तसे.

दीर उठले. "बायकांनी ठरवाचा आता? दादला काय बोलतो, त्याचा भाऊ काय बोलतो, त्याला काय किंमत न्हाय?"

तेव्हा मुलाचे मामा म्हणाले, "थांबा ओ. साखर आपनच मागितली. मागितली आनि न्हाय आली, म्हंजे न्हाय. उद्या लग्नात रडारड होन्यापरीस ह्या बरा. पन आमाला तीन-चार वर्सं थांबाचा जमाचा न्हाय, ह्या पन सांगतो." मग त्यांनी पाणी मागितलं. पाणी मात्र मी स्वतः नेऊन दिलं. ते प्यायले, "येतो ताई" म्हणाले आणि गेले. त्या मुलाचं त्याच वैशाखात दुसरीकडं लग्न झालं. चांगलं चाललंय म्हणतात.

दीर पुष्कळ दिवस आमच्या घरी आले नाहीत. सगळीकडं सांगत होते, त्या भाडेकरणीनं डोक्यात भरवलं. हे कानावर आलं तसं बाईंनी सामान बांधलं. मी त्यांना नको म्हणाले. पोरीचे बाबाही म्हणाले, राहा. बाई म्हणाल्या, "मी इथं राहिले तर लोक म्हणतील, बाईंनी बोलायला लावलं. वहिनी बोलल्या त्या स्वतःच्या मनातलं बोलल्या. ते त्यांच्याच नावावर राहायला पाहिजे." कॉलेजजवळ त्यांनी खोली घेतली. तिथं भिंतीतून काही ऐकू यायचं नाही. लेक तिथं अभ्यासाला जायची आणि जाताना माझ्याकडून डबा न्यायची.

पोरीच्या बाबांना माझं मत विचारायची सवय एका दिवसात लागली नाही. पण बारावीनंतर ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात नर्सिंगला प्रवेश घ्यायला तेच तिला घेऊन गेले, आणि आल्यावर पहिलं मला सांगितलं. दिरांचं काय सांगावं. त्यांच्या धाकट्या मुलीची बोलणी झाली तेव्हा मी आत होते. सगळं ठरल्यावर दीर हाक न देता स्वतः उठून आत आले आणि जाऊबाईंना विचारलं, "काय गो, मागू का साखर? मंग बोलशील, इचारला न्हाय." जाऊबाई पदराआड हसल्या आणि म्हणाल्या, "मागा." पण 'मागा' म्हणण्याआधी जाऊबाईंनी पोरीकडं बघून घेतलं, ते मी पाहिलं.

बाईंना पदवी मिळाली. दुसऱ्या गावी मोठ्या कॉलेजात गेल्या. मध्ये काही वर्षं गेली आणि एके दिवशी दुपारी अचानक दारात उभ्या. केस पिकले होते, छत्री तीच. लेक ड्युटीवर होती, तिची भेट झाली नाही. बाई स्वयंपाकघरात पाटावर बसल्या, पोळ्या खाल्ल्या, आणि मी विचारलं की एवढं सगळं लिहिलंत, त्यात आमची ती बैठक घातली की नाही.

"नाही घातली," त्या म्हणाल्या. "घालता येईना. मी मध्ये बोलले होते. तुम्ही तुमच्या रीतीनं काय केलं असतंत ते मला आता कधीच कळणार नाही. माझ्या शास्त्रात ती चूक आहे, वहिनी. मोठी चूक."

मी चहा ठेवला.

"पण एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणूनच आले. माझ्या वर्गात मुली असतात. चाळीस मुली, चाळीसही गप्प. त्यांना ती गोष्ट सांगावीशी वाटते. पण गोष्ट तुमची आहे. विचारल्याशिवाय कशी सांगू?"

चहा उकळला, गाळला, कप त्यांच्यापुढं ठेवला. त्या वाट बघत होत्या, पूर्वीसारख्याच.

"सांगा," मी म्हणाले. "पण तुम्ही विचारलंत ते गाळू नका. नाही दिली तर काय होतं, असं विचारलंत ना, ते सांगा. मी काही आपण होऊन शूर झाले नव्हते. तुम्ही विचारलंत तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की नाही देता येतं."

"ते सांगायची मला लाज वाटते."

"वाटू दे. तरी सांगा."

बाईंनी चहा संपवला. मग हसल्या. "बरं. सांगते. तुमचं नाव बदलून सांगेन, काळजी करू नका."

"बदलायचं कशाला?" मी म्हणाले. "माझंच सांगा."